आंबट नाशपातीच्या काड्या

३ फेब्रुवारी

भाऊजी,

अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवायला निघाला असाल, तर थांबा. भांडण तुमचं आणि तुमच्या दादांचं. माझ्याशी तुम्ही भांडला नव्हतात. नऊ वर्षांत मी एकही ओळ लिहिली नाही हे खरं, पण तुम्ही तरी कुठे लिहिलीत? तेव्हा आपली फिट्टंफाट झाली, आता कामाचं बोलू. आमच्या मोठीकडे तुमचा फोन नंबर आहे, पण फोन तुम्ही ठेवून द्याल. पत्र निदान फाडावं तरी लागतं.

मला काड्या हव्या आहेत, कलम बांधायला. आंबट नाशपातीच्या.

मोठी मागच्या वर्षी नोकरीच्या कामासाठी तुमच्या शहरात आली होती, तेव्हा तुमच्याकडे राहिली. परत आल्यावर तिनं बापासमोर तुमचं नाव काढलं नाही, शहाणी आहे पोरगी. पण स्वयंपाकघरात मला सगळं सांगितलं. काकाचे केस गेले. काका भाड्याच्या घरात एकटा राहतो. काकानं परसात एक झाड लावलंय, त्याची फळं कुणालाच खाववत नाहीत, घरमालक तोडू म्हणतो आणि काका त्याच्याशी भांडतो. मी विचारलं, फळ कसं आहे? म्हणाली, "एवढंसं, देठ लांब, आणि चावलं की कान हलतात." मी पुढे काही विचारलं नाही. ज्या सकाळी इथे करवती सुरू झाल्या त्या सकाळी तुम्ही ओल्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून बसमध्ये चढला होतात. मला वाटलं होतं, डबा असेल.

त्या झाडामागची गोष्ट तुम्ही तिला सांगितली नाहीत म्हणे. ती तेव्हा शिकायला बाहेर होती, तिला धड काही आठवत नाही. मग मीच सांगितली. काय सांगितलं ते इथे लिहिते, कुठे चुकले असेन तर दुरुस्त करा.

आपला डोंगर डोंगरासारखा कधी नव्हताच. मामंजींच्या आज्यानं आणि त्याच्या बरोबरीच्यांनी उतारावर दगडी बांध घातले, मागे माती भरली आणि डोंगराचा जिना केला. एकेका टप्प्यावर गोड नाशपातीची रांग. आणि प्रत्येक बांधाच्या टोकाला, अगदी दगडांत, एक आंबट झाड. राखणदार. त्याचं फळ डुकरंही नाइलाजानंच खायची. पण त्याच्या मुळ्या बांधाचे दगड मुठीत धरून ठेवायच्या, आणि त्याच्या फुलातली पूड मधमाश्या गोड झाडांना नेऊन द्यायच्या. गोड नाशपातीला स्वतःच्याच जातीच्या पुडीनं फळ धरत नाही, हे मामंजींच्या पिढीला माहीत होतं. आपल्या पिढीपर्यंत येता येता नुसतं "राखणदार तोडायचा नाही" एवढंच उरलं. का, ते आपण विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मग तो व्यापारी आला. काळा लांब कोट, चामड्याची बॅग. एका आकाराचा माल द्या म्हणाला, ही आंबट झाडं फुकट जागा खातात, त्यांच्या जागी गोड लावा. हे तेव्हा बागवाल्यांच्या मंडळाचे प्रमुख. सभेत यांनी हात वर केला आणि मग सगळ्यांनीच केला. तुम्ही एकटे उठलात. "दादा, बाबांनी ही झाडं शोभेला नव्हती लावली." हे म्हणाले, "मग कशाला लावली होती, सांग की." आणि तुम्हालाही सांगता आलं नाही. तेच तुम्हाला जास्त लागलं असावं, असं मला आपलं वाटतं. त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांना जे बोललात ते मी मोठीला सांगितलं नाही आणि इथेही लिहीत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक नसेल. पहिल्या वर्षी झाडं पांढरीशुभ्र फुलली आणि फळं धरली ती बोटांवर मोजण्याइतकी. थंडी फार पडली, असं म्हणालो. दुसऱ्या वर्षी पावसावर ढकललं. तिसऱ्या वर्षी कारणं संपली. तेव्हापासून हे दर एप्रिलात खालच्या गावातून कळ्यांच्या फांद्या आणतात, आपली झाडं फुलेपर्यंत गार खोलीत रोखून धरतात, मग पाण्याच्या बादल्यांत ठेवून झाडांत टांगतात, मधमाश्यांनी त्यांची पूड झाडांना न्यावी म्हणून. शिवाय काठीला कोंबडीचं पीस बांधून शिडीवरून फुलाफुलाला पूड लावत फिरतात. सगळ्या डोंगरावर बादल्याच बादल्या. लोहारीण म्हणाली, "काय हो वहिनी, झाडं दवाखान्यात भरती केलीत का?" मी तिच्यासमोर हसले. घरी येऊन काय केलं ते सोडा.

खालच्या गावाची जात वेगळी आहे. ती आठवडाभर आधी फुलते. इथे कलम करून पाहिलं, तरी तिची खोड जात नाही, आपली झाडं जागी व्हायच्या आत ती फुलून मोकळी होते. आपली आंबट जात गोडाबरोबर फुलायची. ती आता या डोंगरावर कुठेही नाही. तुमच्या परसात आहे.

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काढा, गेल्या वर्षीच्या वाढीच्या, कोंबांचे डोळे फुगायच्या आत. ओल्या भुशात घाला. तुम्हाला मी काय शिकवणार म्हणा.

यांना यातलं काही सांगितलेलं नाही. यांची तब्येत ठीक. थोडं विसरतात, वयच झालं.

वहिनी


९ मार्च

भाऊजी,

पुडकं पोचलं. काड्या ओल्या, डोळे गाढ झोपेत, एकही सुकलेली नाही. सोबत चिठ्ठी नाही. मी सगळा भुसा चाळणीतून चाळून पाहिला. वरचा पत्ता मात्र इतका रेखून काढलात की पोस्टमननं विचारलं, छापून घेतला का? तेवढंच तुमचं अक्षर घरात आलं.

आता खरं लिहिते. मागच्या पत्रात म्हटलं होतं, हे थोडं विसरतात. थोडं नाही भाऊजी. आधी चष्मा आणि किल्ल्या झाल्या, मग मोठीचं नाव गेलं. डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो काढायला लावला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, नवं आधी जाईल, जुनं मागाहून. जुनंही जाईलच. त्यांनी हवेत हातानं उतार करून दाखवला. मी म्हटलं, उतार मला कळतो बाई, मी डोंगरावरचीच आहे.

नवं गेलं त्यात तुमचं भांडणही गेलं. ती सभा गेली, करवती गेल्या. यांच्या लेखी राखणदार अजून उभे आहेत. बांधावरून चालताना झाडं जिथे होती तिथे हे वळसा घालतात. पाटाजवळचा तो घंटेवाला, ज्याला मामंजींनी जेवणाची घंटा टांगली होती, त्याच्या फांदीखाली वाकतात. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच वाकतो. वाट अजून त्या झाडांच्या सोयीनंच वळते, कुणी सरळ केली नाही. परवा लोहारणीची नात तिथे वाकून गेली. फांदी तोडली तेव्हा ती पोर जन्मलीही नव्हती. आम्ही सवयीनं वाकतो आणि हे झाड आहे म्हणून वाकतात, एवढाच फरक. मग मान वर करतात, बुंधा दिसत नाही, आणि मला विचारतात, "इथलं झाड कुठं गेलं गं?" रोज विचारतात. मी रोज वेगळं सांगते. कीड लागली. वीज पडली. एकदा वैतागून म्हटलं, मला काय विचारता, मी काय झाडं काखेत घेऊन हिंडते? तर पोट धरून हसले.

तुमचं पुडकं मी टेबलावर उघडंच ठेवलं होतं. आधी वाटलं लपवावं, मग म्हटलं किती आणि काय काय लपवू. यांनी एक काडी उचलली, नखानं साल खरवडली, हुंगली, टोक चावून पाहिलं.

"ही आपली आहे."

"हो."

"कुणी काढली?"

मी पुडक्यावरच्या पत्त्याकडे पाहिलं. मग म्हटलं, "बारक्यानं."

"तरीच. काप बघ कसा तिरका मारलाय. त्याला किती वेळा सांगितलं, काडी काढताना काप सरळ मारावा. ऐकेल तर तो बारक्या कसला?" आणि उठून चाकूला धार लावायला बसले.

भाऊजी, तुमचं नाव या घरात नऊ वर्षांनी घेतलं गेलं, आणि ते तुमचे दोष काढायला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं कलमं बांधतोय. प्रत्येक गोड झाडाची एकेक फांदी कापायची, तिथे फट पाडायची आणि काडीला पाचरेसारखं तासून त्यात बसवायची. यांच्या हातांना काही विसरायला झालेलं नाही. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाता जाता विचारतात, "आपण कुठं निघालो?" पण कापलेली फांदी समोर आली की चाकू आपोआप चालतो. मी पट्टी गुंडाळते आणि मेण लावते. मी गुंडाळलेली पट्टी त्यांना पसंत पडत नाही, ते सोडून पुन्हा बांधतात. संसारभर हेच चाललंय.

परवा डबीतलं मेण संपलं. हे म्हणाले, "बारक्याला हाक मार. वरच्या बांधावर असेल तो. त्याला म्हणावं, येताना मेण आण."

मी म्हटलं, मीच आणते की घरातून. "तू कशाला जातेस? तो मोकळाच बसलाय. मार हाक."

मारली भाऊजी. काय करणार? वरच्या बांधाकडे तोंड करून मोठ्यानं तुमच्या नावानं हाक मारली. खालून लोहारीण बघत होती. संध्याकाळी येऊन माझ्याजवळ बसली आणि एरवी जिच्या तोंडाला खळ नाही ती बाई चहा संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

वहिनी


२० जून

भाऊजी,

बहुतेक कलमं लागली. काड्यांना हातभर पालवी आली आहे. बातमी गावभर झाली आणि आता रोज कोणीतरी बांधावर उभं असतं. "वहिनी, एक काडी आम्हाला." त्या सभेत वर झालेले हात आता असे पुढे आलेत. मी सांगितलं, हिवाळ्यात बघू. तेव्हा पुढच्या खेपेला मोठं पुडकं करा. त्याहून बरं म्हणजे स्वतः घेऊन या.

फळाचं एक वेळ होईल, पण डोंगराचं काय होईल ते सांगता येत नाही. राखणदार तोडले तेव्हा मुळ्या दगडांतच राहिल्या. त्या इतकी वर्षं आत कुजत होत्या. आता त्यांच्या जागी पोकळी आहे आणि पावसाचं पाणी तिथून आत शिरतं. बांधांना पोट सुटलंय. मधल्या दोन टप्प्यांवर माती घसरून आख्खी रांग कलली, झाडं गुत्त्यातून बाहेर पडल्यासारखी एकमेकांच्या खांद्यावर रेलून उभी आहेत. पाट पूर्वी बुंध्यांना वळसे घेत यायचा म्हणून दमानं यायचा. आता वाटेत त्याला अडवणारं कोणी नाही, तो सरळ धावतो आणि जाताना माती नेतो. खालच्या गावाची विहीर गाळानं भरत चाललीय. त्यांचे लोक तक्रार घेऊन आले होते. यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "माझा भाऊ येऊ दे, तो बघेल बांधाचं."

तुम्हाला मी घाबरवत नाही. पण जे आहे ते हे आहे.

हे रोज तुमच्याबद्दल विचारतात. संध्याकाळी पानं घेतली की हात आवरून बसतात. "बारक्या आला की जेवू." मी म्हणते, तो उशिरा येईल, त्याचं झाकून ठेवलंय. मग जेवतात. ताटली झाकलेली दिसली पाहिजे, नाहीतर जेवत नाहीत. तेव्हा मी एक ताटली रोज खरोखरच झाकून ठेवते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी ते कोणाला ओळखतील याची खात्री नाही.

मी बरंच लिहून खोडलं, आता सरळच लिहिते. तुमच्या दादांना तुमच्यावर राग नाही. राग धरायला आठवावं लागतं, ते आठवत नाही. तुम्हाला माफी मागायला नको, त्यांना द्यायला नको. मनात काय ठेवायचं ते ठेवा, मी विचारणार नाही. नुसतं यायचं, बांधावर चढायचं आणि म्हणायचं, "दादा, मेण आणलं." लोकांना मरेपर्यंत अशी सोय होत नाही भाऊजी. ती तुम्हाला झाली आहे, पण फार दिवसांची नाही.

लवकर या.

वहिनी


१२ नोव्हेंबर

भाऊजी,

मधला बांध गेला. दुपारची वेळ होती, खाली कोणी नव्हतं. आवाज आला आणि जिन्याची एक पायरी दुसऱ्या पायरीवर येऊन पडली. कलम लागलेली काही झाडं दगडांखाली गेली.

हे धावत जाऊन दगड उचलून रचायला लागले. मी अडवलं तर ऐकेनात. बोटाचं नख गेलं, रक्त येत होतं, तरी दगड फिरवून फिरवून त्याची बसकी बाजू शोधत होते. मीही शेवटी दगड द्यायला लागले. एक दगड घेता घेता माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही कुठल्या?"

मी म्हटलं, इथलीच.

"मग बरंय," म्हणाले. "माझा भाऊ येईलच इतक्यात. तुम्हाला एवढं उचलावं लागणार नाही."

आज मी विसरले गेले. तुम्ही अजून आहात. या.

वहिनी


१६ एप्रिल

भाऊजी,

मोठी म्हणते, काका फोन उचलत नाही. निदान घरी पोचलात एवढं तिला कळवा. पुढचं न कळवलंत तरी हे पत्र मात्र पूर्ण वाचा.

त्या दिवशी मी शिडीवर होते. खालच्या वळणावरून कोणीतरी येताना दिसलं, मी ओळखलं नाही. टोपी, काळा लांब कोट, हातात बॅग. वाटलं, सरकारी माणूस असेल, पडलेला बांध बघायला आलेला. मग पाटाजवळ तुम्ही वाकलात. मोकळ्या हवेत, डोक्याला फांदी लागू नये म्हणून वाकलात. माझ्या हातातलं पीस गळून पडलं. परका माणूस तिथे वाकत नाही.

मी शिडीवरून उतरेपर्यंत यांनी तुम्हाला पाहिलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण जे माहीत आहे ते तसं नाही.

"आलास पुन्हा?" हे ओरडले. "आता काय तोडायचं राहिलंय? चालता हो!" तुम्ही तरीही पुढे आलात, टोपी काढलीत, "दादा" म्हणालात. "दादा कुणाला म्हणतोस रे? मी तुझा कोणी लागत नाही!" आणि तो दगड. तुमच्या बॅगेला लागला की गुडघ्याला, ते मला वरून दिसलं नाही. तुम्ही उभे राहिलात, मग टोपी घातलीत आणि वळलात. मी हाका मारत होते. पाटाच्या आवाजात ऐकू गेल्या नसतील, किंवा गेल्याही असतील. माझे गुडघे मला रस्त्यापर्यंत नेईतो बस निघून गेली होती.

भाऊजी, त्यांनी तुम्हाला हाकललं नाही. त्यांनी त्या व्यापाऱ्याला हाकललं. काळा कोट, हातात बॅग, खालच्या वळणावरून चढत येणारा. तुमचे केस गेलेले त्यांनी पाहिले नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढचा बारक्या तिशीतला आहे, त्याच्या कपाळावर झुलपं येतात. टोपी काढलीत तेव्हा उलट खात्रीच पटली असेल, की हा बारक्या नव्हे.

तुम्ही थांबला नाहीत म्हणून तुम्हाला न ऐकू आलेलं लिहिते. मी परत आले तेव्हा हे पडलेल्या बांधाच्या दगडांवर बसले होते.

"गेला का तो?"

"गेला."

"बरं झालं. बारक्या वर होता म्हणून तो कोटवाला वाचला. बारक्यानं बघितलं असतं तर तंगडी मोडून हातात दिली असती." मग म्हणाले, "मी त्या व्यापाऱ्याचं ऐकलं गं. राखणदार तोडले." इतक्या दिवसांत ही आठवण पहिल्यांदा वर आली होती. ती कुठून आली कोण जाणे, तुमच्या त्या कोटाला बिलगून आली असेल. "बारक्या नको म्हणत होता. सगळ्यांसमोर उभा राहिला होता. त्याचं बरोबर होतं. मी त्याला काय काय बोललो."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांनी मला जवळ ओढलं, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, "त्याला सांगू नकोस हं. डोक्यावर चढून बसेल."

मी सांगते आहे. बसा डोक्यावर चढून. पण या. कोट घरी ठेवा, जुना सदरा घाला, बांधाच्या कामाला आलेल्या माणसासारखे या. मी आणि मोठी मिळून तुम्हाला त्यांच्यापुढे नीट उभं करू. ते अजून ताटली झाकायला लावतात.

वहिनी


२ मे

भाऊजी,

त्या पत्राला दोन वर्षं झाली. तुम्ही आला नाहीत, उत्तरही नाही. पण दर फेब्रुवारीत पुडकं येतं, आधीच्यापेक्षा मोठं, आणि दोन्ही वर्षी काड्यांचे काप सरळ आहेत. म्हणजे पत्रं वाचता.

यंदा आपली कलमं फुलली. प्रत्येक झाडाची एकच फांदी वेगळी, तिची फुलं जरा लहान आणि देठाशी लालसर. खालून बघितलं तर सगळा उतार कुणी चिमटीनं कुंकू टाकत गेल्यासारखा दिसतो. ज्यांना तुमच्या काड्या दिल्या त्यांच्याही बागा तशाच. बादली एकही टांगली नाही. लोहारीण म्हणाली, "सोडलं वाटतं दवाखान्यातून." आणि मग स्वतःच डोळे पुसायला लागली. फुलं गळून गेली आहेत आणि शेंगदाण्याएवढी फळं धरली आहेत. फांदी फांदी भरून.

मधला बांध गावानं मिळून उभा केला. पहिल्यासारखा जमला नाही, मामंजी असते तर पाडून पुन्हा रचायला लावला असता. टोकाला, दगडांत, आंबटाचं एक रोप लावलंय. त्याच्या मुळ्या दगड धरतील तोवर आपल्यापैकी कोणी नसेल. तिथे लोहारणीच्या नातीला उभं करून मी सांगितलं, हे तोडायचं नाही. आणि कशासाठी तोडायचं नाही, तेही सांगितलं, तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. पोर कंटाळून पळून गेली.

फुलं होती तेव्हा मी आणि मोठीनं यांना धरून बांधापर्यंत नेलं, खुर्चीवर बसवलं. आंबटाची एक डहाळी हातात दिली. ती त्यांनी बराच वेळ धरली. हुंगली नाही, खरवडली नाही. मग माझ्या हातात परत दिली, दुसऱ्याची वस्तू परत करावी तशी.

जेवायला बसताना आता ते थांबत नाहीत. कधीपासून ते मला सांगता येत नाही, एक दिवस लक्षात आलं की ताटली मीच झाकते आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. परवा न राहवून मीच विचारलं, "बारक्या कुठे असेल हो आत्ता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोरच्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून सभ्य माणूस आठवल्यासारखं करतो, तसं थोडं केलं. मग म्हणाले, "कोण?"

म्हणून हे पत्र. आधीच्या पत्रांत लवकर या, लवकर या असा मी धोशा लावला होता, तो आता मनावर घेऊ नका. घाई राहिलेली नाही. सवड होईल तेव्हा या. फळं सप्टेंबरात उतरवायला येतील. यंदा फार आहेत, आणि शिडीवर चढणारं घरात कोणी नाही.

तुमची वहिनी